न तपासलेलं दुखणं

ही पुस्तिका ज्या दुखण्याबद्दल आहे, त्याने कुणी दगावत नाही. ते इतकं उपेक्षित राहिलं त्याचं हे एक मोठं कारण. योनिमार्गात पुन्हा पुन्हा होणारा बुरशीचा संसर्ग, त्याची खाज, आग, पडणाऱ्या चिरा आणि संबंधाच्या वेळी होणारा त्रास यांची नोंद ना मृत्यूच्या आकड्यांत होते, ना रजेच्या अर्जात. दवाखान्यातही ही तक्रार सहसा सगळ्यात शेवटी येते. कंबरदुखी सांगून होते, अशक्तपणा सांगून होतो, रक्ताच्या गोळ्यांनी पोट बिघडतं हेही सांगून होतं. उठून निघताना, हात दाराच्या कडीवर असताना बाई म्हणते, “आणि मॅडम, खाली खाज येते. मालकांजवळ गेलं की नुसती आग होते.” तपासायला घ्यावं तर बाहेरची त्वचा लालभडक, सुजलेली, घड्यांमध्ये बारीक चिरा, वर नखांचे ओरखडे. हे सगळं तिने महिनोन् महिने अंगावर काढलेलं असतं.

पुस्तिका लिहिणाऱ्या दोघींपैकी एक स्त्रीरोगतज्ज्ञ आहे आणि दुसरी फिजिओथेरपिस्ट. या दोघींनी मिळून लिहावं हीच मला पुस्तिकेची पहिली जमेची बाजू वाटते. का, ते पुढे येईल. प्रस्तावना लिहायला त्यांनी सांगितलं तेव्हा मी लगेच हो म्हटलं. तालुक्याच्या गावी स्त्रीरोगांची प्रॅक्टिस करताना माझं एक मत पक्कं होत गेलं आहे: या आजारात बायकांचे जेवढे हाल बुरशी करते, त्याहून जास्त हाल न बघता दिलेली औषधं करतात. ते मत नीट मांडायची ही संधी आहे.

आधी बुरशीबद्दल. कँडिडा ही यीस्टच्या कुळातली बुरशी. तोंडात, आतड्यात, त्वचेवर आणि योनिमार्गात ती कितीतरी जणांच्या अंगावर कायम असते. कसलाही त्रास नसलेल्या बायकांची तपासणी केली तरी साधारण १० ते २० टक्के जणींच्या योनिमार्गात ती सापडते. म्हणजे ती बाहेरून आलेली घाण नव्हे, आणि तिचं असणं हा आजारही नव्हे. तिच्या शेजारी राहतात लॅक्टोबॅसिलस नावाचे जिवाणू. जर्मन स्त्रीरोगतज्ज्ञ आल्बर्ट डोडरलाइन यांनी १८९२ मध्ये त्यांचं वर्णन केलं. वयात आल्यावर इस्ट्रोजेनमुळे योनिमार्गाच्या अस्तरात ग्लायकोजेन साठतं, त्यापासून हे जिवाणू लॅक्टिक आम्ल तयार करतात आणि जागा आंबट ठेवतात. सामू साधारण ३.८ ते ४.५. आंबटपणा कमी झाला म्हणून बुरशी वाढली असं पुष्कळदा सांगितलं जातं, ते बरोबर नाही. बुरशीच्या संसर्गात सामू बहुतेक वेळा जसाच्या तसा असतो. जिवाणूंचा समतोल ढासळून होणाऱ्या दुसऱ्या एका आजारात तो ४.५ च्या वर जातो. सामू बघण्याच्या कागदी पट्टीला पैसे जवळजवळ पडत नाहीत, आणि एवढ्या एका पट्टीवरून डॉक्टरला दिशा कळते.

गोल पेशींच्या रूपात कँडिडा निमूट राहते. वातावरण बदललं की त्या पेशींना लांब तंतू फुटतात, ते अस्तराला चिकटतात आणि आत घुसतात. हे तंतू कँडिडालायसिन नावाचं विष सोडतात, हे २०१६ मध्ये उजेडात आलं. त्या विषाने अस्तराच्या पेशींना इजा होते, शरीर पांढऱ्या पेशींची फौज धाडतं आणि त्या झटापटीतून सूज, लाली, खाज, आग सुरू होते. त्रासाचा मोठा वाटा हा शरीराच्या या प्रतिक्रियेचा असतो. म्हणून एकीच्या अंगावर बुरशी असूनही तिला काही वाटत नाही, आणि दुसरी तेवढ्याच बुरशीने हैराण होते. अशा बाईला “तुमची प्रतिकारशक्ती कमी झालीय” असं सांगून टॉनिकची बाटली हातात देतात, तेव्हा मला फार वाईट वाटतं. बहुतेक जणींची प्रतिकारशक्ती शाबूत असते. तिच्या अंगाची ठेवण थोडी जास्त चटकन पेटणारी असते, इतकंच.

दर चार बायकांपैकी सुमारे तिघींना आयुष्यात एकदा तरी हा संसर्ग होतो. वर्षात तीन किंवा त्याहून जास्त वेळा झाला तर त्याला वारंवार होणारा संसर्ग म्हणतात; काही ठिकाणी हा आकडा चार धरतात. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अंदाजानुसार जगभरात दरवर्षी सुमारे १३ कोटी ८० लाख बायकांना हा वारंवार होणारा प्रकार भोगावा लागतो. “मलाच का?” हा प्रश्न घेऊन येणाऱ्या बाईला मी हा आकडा सांगते. खाज त्याने कमी होत नाही, पण ती खुर्चीत थोडी सैलावते.

आता तपासणीबद्दल, कारण माझ्या मते सगळं इथे अडलं आहे. योनिमार्गाच्या भिंतीवरून कापसाच्या काडीने थोडा स्राव घ्यायचा, काचपट्टीवर पसरायचा, त्यावर दहा टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा एक थेंब टाकायचा आणि वर झाकणकाच ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली धरायचं. या थेंबाने माणसाच्या पेशी विरघळून जातात, बुरशी मात्र तशीच राहते. थोड्या वेळात पुसट झालेल्या पार्श्वभूमीवर काचेसारखे पारदर्शक, फांद्या फुटलेले तंतू दिसू लागतात आणि त्यांना लगडलेल्या बारीक गोल कळ्या. एकदा पाहिल्या की विसरत नाहीत. पाच मिनिटांचं काम आहे. ज्या दवाखान्यात मलेरियाची काचपट्टी बघता येते, तिथे हेही बघता येतं. तरी बहुतेक ठिकाणी ते होत नाही. स्राव पांढरा आहे, खाज आहे, म्हणजे बुरशी, असं धरून गोळी लिहिली जाते किंवा बाई थेट मेडिकलमधून घेते.

हा अंदाज किती चुकतो? २००२ मध्ये अमेरिकेतल्या एका अभ्यासात स्वतःच निदान करून बुरशीचं औषध विकत घेणाऱ्या ९५ बायकांना तपासलं गेलं. त्यांतल्या जेमतेम एक तृतीयांश जणींना फक्त बुरशीचा संसर्ग होता. बाकीच्यांना जिवाणूंचा त्रास होता, एकापेक्षा जास्त संसर्ग होते, साबणाने वा कशाने तरी त्वचा बिघडली होती, किंवा काहीच नव्हतं. तिथे ही स्थिती, तर आपल्याकडे मेडिकलच्या काउंटरवर चार माणसांसमोर हळूच काहीतरी मागणाऱ्या बाईच्या हातात काय पडत असेल याचा विचार करावा.

काय पडतं ते मी रोज बघते, कारण बायका त्या ट्यूब घेऊन येतात. बुरशीचं औषध, जिवाणूंचं औषध आणि जोडीला कडक स्टेरॉइड, असं सगळं एकत्र असलेलं मलम. स्टेरॉइडमुळे खाज दोन दिवसांत थांबते, म्हणून औषध लागू पडलं असं वाटतं. मलम बंद केलं की आठवड्याभरात दुपटीने परत येते, आणि बाई पुन्हा तीच ट्यूब आणते. महिनोन् महिने हे चाललं की नाजूक त्वचा पातळ होते, झोंबते, साध्या पाण्यानेही आग होते. जांघेतला गजकर्ण तर अशा मलमांनी पसरत जातो आणि साध्या औषधांना दाद देईनासा होतो. देशभरातले त्वचारोगतज्ज्ञ गेली अनेक वर्षं हे ओरडून सांगत आहेत. आणि याच स्टेरॉइडचा दुसरा चेहरा बघा. लायकेन स्क्लेरोसस नावाच्या आजारात बाहेरची त्वचा पांढरी, कागदासारखी पातळ होते, भयंकर खाजते, संबंधाच्या वेळी फाटते. तिथे हेच कडक स्टेरॉइडचं मलम, पण बाकीच्या औषधांची भेसळ नसलेलं आणि डॉक्टरच्या देखरेखीखाली, पहिल्या पसंतीचा इलाज आहे. ते न केल्यास काही जणींच्या बाबतीत पुढे कर्करोगाचा धोका असतो. एकीला जे मलम बिघडवतं तेच दुसरीला वाचवतं. कोणती बाई कोणत्या बाजूची, हे बघितल्याशिवाय कसं कळणार?

सरकारी व्यवस्थेत यावर एक मार्ग काढला गेला. लक्षणांवरून औषध देण्याच्या पद्धतीत एड्स नियंत्रण कार्यक्रमाने रंगांच्या खुणांचे संच केले आहेत. स्रावाच्या तक्रारीसाठी हिरवा संच, त्यात सेक्निडाझोल दोन ग्रॅम आणि फ्लुकोनाझोल १५० मिलिग्रॅम. जिथे प्रयोगशाळा नाही, तंत्रज्ञ नाही, बाई पुन्हा येईल याची खात्री नाही, तिथे या संचाने पुष्कळ भलं केलं आहे, हे मी आवर्जून सांगते. पहिल्या खेपेला तो ठीक आहे. पण वर्षात चौथ्यांदा तीच बाई तीच तक्रार घेऊन आली आणि चौथ्यांदा तिला हिरवा संचच मिळाला, तर तिला आता वेगळं काहीतरी हवं आहे एवढं तरी ओळखायला हवं.

महाराष्ट्राला हा विषय नवा नाही. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांतल्या ६५० बायकांची तपासणी करून १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष मांडले. ९२ टक्के बायकांना कुठला ना कुठला स्त्रीरोग होता आणि त्याआधी स्त्रीरोगासाठी तपासणी झालेल्या बायका होत्या अवघ्या ८ टक्के. गर्भारपण आणि कुटुंबनियोजन सोडून बाईच्या अंगाला आणखी काही होत असतं, हे त्या एका लेखाने जगाला दाखवलं. पुढे गोव्यात डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की अंगावरून पांढरं जाण्याच्या तक्रारीचा संबंध अनेकदा संसर्गापेक्षा मनावरच्या ताणाशी, खिन्नतेशी, घरातल्या जाचाशी जास्त असतो. हे दोन्ही अभ्यास एकमेकांना खोडतात असं मला वाटत नाही. पहिला सांगतो की बाई जे सांगत नाही तेही शोधा. दुसरा सांगतो की ती जे सांगते आहे त्याच्या मागे काय आहे तेही विचारा. गोळी लिहून मोकळं व्हायला दोघांतला एकही सांगत नाही.

न तपासण्याचं टोक कुठवर जातं, ते बीडने दाखवलं. ऊसतोड कामगार बायकांच्या गर्भपिशव्या काढल्या जात असल्याच्या बातम्यांनंतर २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली राज्य सरकारने समिती नेमली. जिल्ह्यातल्या ८२ हजारांहून अधिक ऊसतोड बायकांच्या पाहणीत १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली आढळली. त्यामागची कारणं अनेक आहेत: मुकादमाची उचल, पाळीच्या दिवसांतले खाडे, फडावर ना आडोसा ना पाणी, खासगी दवाखान्यांचा नफा. पण त्या बायकांशी बोलताना पुन्हा पुन्हा कानावर येतं ते हे, की अंगावरून पांढरं जायचं, ओटीपोटात दुखायचं, डॉक्टर म्हणाले पिशवी खराब झालीय, पुढे कॅन्सर होईल. बुरशी गर्भपिशवीत राहत नाही. ती योनिमार्गात असते, आणि पिशवी काढल्यावर योनिमार्ग तिथेच राहतो. पाच मिनिटांची काचपट्टी आणि थोड्या रुपयांची गोळी जिथे पुरली असती, तिथे तिशीतल्या बाईचा अवयव गेला आणि खाज तशीच राहिली, अशा बायका मी पाहिल्या आहेत. त्याचा मला आजही संताप येतो.

औषधांचा इतिहास पुस्तिकेत अगदी थोडक्यात आहे; इथे एवढंच सांगते की त्यातला एक धागा आपल्या पिंपरीतून जातो. बुरशीवरचं पहिलं खरं उपयोगी प्रतिजैविक, निस्टॅटिन, १९५० मध्ये जाहीर झालं ते एलिझाबेथ हेझन आणि रेचल ब्राउन या दोघींनी. एक न्यूयॉर्क शहरात, दुसरी ऑल्बनीत. मातीचे नमुने आणि त्यातून काढलेले अर्क त्या एकमेकींना टपालाने पाठवत. त्या औषधाच्या स्वामित्वधनाचे एक कोटी तीस लाख डॉलरहून अधिक पैसे त्यांनी स्वतःसाठी न घेता संशोधनाला दिले. त्यानंतर काही वर्षांनी पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्ये डॉ. एम. जे. थिरुमलाचार आणि सहकाऱ्यांनी हॅमायसिन शोधलं. ज्या सूक्ष्मजीवापासून ते मिळालं त्याच्या शास्त्रीय नावात पिंपरीचं नाव आहे. योनिमार्गातल्या बुरशीसाठीही ते वापरलं गेलं. आज त्याची जागा क्लोट्रिमाझोल, फ्लुकोनाझोल यांनी घेतली आहे, पण सरकारी कारखान्यातल्या संशोधकांना बायकांच्या या दुखण्यावर उपयोगी पडेल असं औषध शोधता आलं, हे पुणेकरांनी तरी लक्षात ठेवायला हवं.

खरा बुरशीचाच आजार असेल, काचपट्टीवर दिसला असेल आणि तरी परत परत येत असेल, तर का? पुस्तिकेचं दुसरं प्रकरण यावर आहे आणि ते मला सगळ्यात आवडलं. साखर हे पहिलं कारण. मधुमेह आहे हे माहीतच नसलेल्या बायका माझ्याकडे खाजेची तक्रार घेऊन आल्या आणि रक्त तपासल्यावर साखर तीनशेच्या घरात निघाली. यात आता एक नवी भर पडली आहे. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या मधुमेहाच्या गोळ्या जादा साखर लघवीवाटे बाहेर काढतात. हृदयाला आणि मूत्रपिंडाला त्यांचा मोठा फायदा आहे. डापाग्लिफ्लोझिनचं पेटंट २०२० मध्ये संपल्यावर ती स्वस्त झाली आणि गावोगावी पोहोचली. पण साखरमिश्रित लघवीमुळे बाहेरच्या त्वचेवर बुरशीला खाऊ मिळतो. गोळी सुरू झाल्यावर खाज सुरू झाली असेल तर ती गोळी देणाऱ्या डॉक्टरना हे सांगावं. आपल्या मनाने ती बंद मात्र करू नये. वारंवार घेतलेली प्रतिजैविकं, स्टेरॉइडच्या गोळ्या, गर्भारपण, एचआयव्ही ही बाकीची कारणं. आणि पुष्कळ जणींच्या बाबतीत कारण सापडतच नाही. तेही तसं स्पष्ट सांगावं.

कधी बुरशीची जातच वेगळी असते. बहुतेक वेळा कँडिडा अल्बिकन्स असते, पण ग्लाब्राटा नावाची जात फ्लुकोनाझोलला नीट दाद देत नाही. ते कळायला कल्चर करावं लागतं, म्हणजे प्रयोगशाळेत ती बुरशी वाढवून बघावी लागते. परत परत त्रास होणाऱ्या बाईचं एकदा तरी कल्चर झालंच पाहिजे, हा माझा आग्रह आहे.

उपचाराबद्दल एक आकडा देते, कारण तो खोटी आशा दाखवत नाही. २००४ मध्ये डॉ. जॅक सोबेल आणि सहकाऱ्यांनी ३८७ बायकांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. आधी संसर्ग पूर्ण आटोक्यात आणून मग सहा महिने आठवड्याला एक फ्लुकोनाझोलची गोळी. सहा महिन्यांअखेर गोळी घेणाऱ्यांपैकी सुमारे ९१ टक्के बायका आजारमुक्त होत्या. नुसती बिनऔषधाची गोळी घेणाऱ्यांपैकी ३६ टक्के. पण गोळ्या थांबवून आणखी सहा महिने गेल्यावर आजारमुक्त राहिलेल्यांचं प्रमाण ४३ टक्क्यांवर आलं. म्हणजे निम्म्याहून अधिक जणींना तो परत झाला. दम्यासारखा हा आटोक्यात ठेवायचा आजार आहे, एका गोळीने मुळापासून उपटायचा नव्हे. हे आधीच सांगितलं तर परत आल्यावर बाई खचत नाही आणि डॉक्टर बदलत फिरत नाही. ही गोळी गर्भारपणात घ्यायची नाही. तेव्हा आत ठेवायच्या गोळ्या किंवा मलम सात दिवस. आणि ही तेलकट मलमं निरोधाचं रबर कमजोर करतात, ही गोष्ट किती जोडप्यांना कुणी सांगितलेली असते?

घरगुती उपायांबद्दल पुस्तिका सौम्य आहे, मी तितकी नाही. आंघोळीच्या पाण्यात डेटॉल, तुरटीचं पाणी, लिंबू, कडुलिंबाचा काढा, सुगंधी वॉश, आतून पाणी मारून धुणं: यातलं काहीही नको. बाहेरून साधं पाणी पुरतं. आतली जागा स्वतःची स्वच्छता स्वतः ठेवते. खाज सुटली की बाईला वाटतं आपण अस्वच्छ आहोत, म्हणून ती अधिक घासते, अधिक जळजळीत काहीतरी लावते, आणि त्यानेच त्वचा सोलवटते. हा आजार अस्वच्छतेचा नाही. सासूने, नवऱ्याने किंवा नर्सने तसं सुचवलं असेल तर ते चुकीचं आहे.

नवऱ्यांचा विषय निघाला म्हणून. बुरशीचा संसर्ग लैंगिक संबंधातून पसरणाऱ्या आजारांत मोडत नाही. लग्नाआधी, संबंधांशिवायही तो होतो. “हे तू कुठून आणलंस?” असा प्रश्न ऐकून माहेरी परतलेल्या बायका आहेत, आणि नवऱ्यावर संशय घेऊन आतल्या आत जळणाऱ्याही आहेत. दोन्हीला या बुरशीत आधार नाही. नवऱ्याला त्रास नसेल तर त्याला औषध देऊन बायकोचा आजार थांबत नाही. मात्र त्याला तिथे लाली, खाज, कातडीला चिरा असतील तर त्याने स्वतःची साखर तपासून घ्यावी. कधीकधी मधुमेह असा पहिल्यांदा कळतो.

आणि आता दुखण्याकडे. फिजिओथेरपिस्टचा या पुस्तिकेतला वाटा इथे सुरू होतो. बुरशीने सुजलेल्या, चिरा पडलेल्या जागी संबंध आला की दुखणारच. पण कित्येक जणींची बुरशी बरी होते, काचपट्टी स्वच्छ येते, कल्चर स्वच्छ येतं, आणि दुखणं मात्र तसंच राहतं. अशा वेळी तिला सांगितलं जातं, “रिपोर्ट नॉर्मल आहेत, तुमच्या मनाचं आहे.” हे ऐकून ती परत येत नाही. पण तिचं दुखणं खरं असतं, आणि ते दाखवता येतं. ओलसर कापसाच्या काडीने योनिद्वाराच्या कडेला घड्याळाच्या आकड्यांप्रमाणे एकेका जागी हलकेच टेकवत जायचं. बारा वाजता काही नाही, तीन वाजता काही नाही, आणि पाच ते सात वाजण्याच्या जागी काडी नुसती टेकताच बाई टेबलावर वर सरकते. त्वचेवर डोळ्यांना काही दिसत नाही. पुन्हा पुन्हा झालेल्या सुजेनंतर काही बायकांमध्ये तिथल्या मज्जातंतूंची जाणीव अशी तीव्र होऊन बसते. याला नाव आहे आणि यावर उपचार आहेत. तिच्या समोर ती जागा आरशात दाखवून “इथेच ना?” असं विचारलं की कितीजणी रडतात. कुणीतरी पहिल्यांदा तिच्यावर विश्वास ठेवलेला असतो.

त्यात भीतीची भर पडते. एकदा दुखलं की पुढच्या वेळी अंग आधीच आक्रसतं. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू न कळत घट्ट होतात, ओलावा येत नाही, घर्षण वाढतं, पुन्हा चिरा पडतात, पुन्हा दुखतं. हे स्नायू सैल करायला शिकवणं हे फिजिओथेरपिस्टचं काम आहे. बाळंतपणानंतर सगळ्यांना सांगितले जाणारे आवळायचे व्यायाम इथे उलटे पडतात. इथे सोडायला शिकायचं असतं. दीर्घ श्वास, मांड्या आणि ढुंगणाचे ताण, नंतर हळूहळू स्वतःच्या बोटाने सरावणं. अशा फिजिओथेरपिस्ट मुंबई-पुण्यात सापडतात, बाकी महाराष्ट्रात फार थोड्या. म्हणून त्या प्रकरणातले व्यायाम इतक्या बारकाईने लिहिले आहेत.

दुखण्याची कारणं आणखीही आहेत. अंगावर पाजणाऱ्या आईला इस्ट्रोजेन कमी असल्याने कोरडेपणा येतो. टाक्यांचा वण टोचतो. संबंधात खोलवर दुखत असेल तर एन्डोमेट्रिऑसिस किंवा ओटीपोटातला संसर्ग शोधावा लागतो. पाळी गेल्यावर अस्तर पातळ होतं. आणि पाळी गेलेल्या बाईच्या खाजेला तर बुरशी म्हणून सोडूच नये. इस्ट्रोजेन नसताना बुरशी सहसा टिकत नाही, मधुमेह असेल तर गोष्ट वेगळी. साठीतल्या बाईची जुनाट खाज म्हणजे कोरडेपणा, लायकेन किंवा क्वचित कर्करोगाची सुरुवात. तिला टेबलावर घेऊन नीट उजेडात बघायलाच हवं. “या वयात काय तपासायचं” असं सुना म्हणतात, आणि कधी डॉक्टरही.

एका गोष्टीवर मला लेखिकांपेक्षा जास्त ठाम बोलायचं आहे. त्यांनी लिहिलंय की त्रास असताना “शक्य असल्यास” संबंध टाळावेत. माझं म्हणणं, दुखत असेल तर थांबायचंच. सोसून केलेल्या प्रत्येक संबंधाने ते आक्रसणं आणखी पक्कं होतं. हे नवऱ्याला सांगणं सगळ्या घरांत सारखं सोपं नाही, हे मला माहीत आहे. अशा बायकांसाठी मी चिठ्ठीवर औषधांच्या खाली लिहून देते: सहा आठवडे संबंध वर्ज्य. डॉक्टरचं अक्षर कधीकधी बाईच्या शब्दापेक्षा जास्त चालतं. असं असू नये, पण चालतं तोवर वापरावं.

र. धों. कर्व्यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र सुरू केलं आणि १९२७ पासून १९५३ मध्ये त्यांचं निधन होईपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवलं. वाचकांच्या खासगी प्रश्नांना ते सरळ, वैद्यकीय भाषेत उत्तरं देत, त्यासाठी खटलेही सोसले. शतक उलटत आलं तरी मराठी बाईला स्वतःच्या अंगाबद्दल सरळ माहिती हवी असेल तर ती देणारी पुस्तकं अजून थोडीच आहेत. ही पुस्तिका त्या कमी असलेल्या पुस्तकांत भर घालते. तिची भाषा साधी आहे, चित्रं स्पष्ट आहेत, आणि चित्रांमधली बाई कुठल्यातरी परक्या देशातली वाटत नाही. आशाताई, नर्सताई आणि शाळेतल्या शिक्षिका यांच्या हाती ती आधी पडावी. फार्मसी कॉलेजच्या मुलांनाही द्यावी, कारण काउंटरच्या पलीकडे उद्या तेच उभे असणार आहेत.

वाचकांनी शेवटचं पान आधी उघडावं. तिथे एक कोरा तक्ता आहे: गेल्या वर्षभरात त्रास कोणत्या तारखांना झाला, पाळी कधी होती, कोणती गोळी, कोणतं मलम, किती दिवस, मधुमेहाचं किंवा आणखी कसलं औषध चालू आहे का, संबंधात दुखतं ते दारापाशी की आत. तो पेन्सिलीने भरा आणि दवाखान्यात जाताना जुन्या ट्यूब आणि गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्यांसह घेऊन जा. तपासणीच्या आधी तीन दिवस आत काहीही ठेवू नका. ही तक्रार कंबरदुखीच्या आधी सांगा. आणि डॉक्टर न तपासता गोळी लिहू लागले तर शांतपणे विचारा, “एकदा स्लाइड बघता का?”